बिनतारी यंत्रांची नोंदवही : निदान आणि गोंगाट

१. विषयप्रवेश

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली. नागपूरकरांस कडक उन्हाळा नवा नाही. २०१३ च्या मे महिन्यात येथील पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. तथापि ५६ हा आकडा सर्वांसच थक्क करणारा होता. बातमी देशभर पसरली. शहरातील इतर केंद्रे त्याच सुमारास ४४ अंशांच्या आसपास तापमान दाखवीत होती, ही गोष्ट लक्षात आल्यावर तो आकडा संवेदकातील बिघाडामुळे आला असल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. या प्रसंगात विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, केंद्राने आपला आकडा बिनचूक वेळेवर पाठविला. पण ज्या इंद्रियाने तो मोजला ते इंद्रियच बिघडले आहे, ही माहिती मात्र त्या आकड्याच्या जोडीने लोकांपर्यंत आली नाही. ती मागाहून, माणसांनी शोधून काढल्यावर आली.

यंत्राने दिलेली माहिती दोन प्रकारची असते. एक, बाहेरील जगाविषयी. दुसरी, यंत्राच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. पहिलीसाठी आपण यंत्र विकत घेतो. दुसरी नसेल तर पहिलीवर विश्वास ठेवता येत नाही. संगणकाच्या क्षेत्रात हे दुसऱ्या प्रकारचे कथन 'लॉग' नावाच्या नोंदवहीत साठविले जाते. या नोंदवहीत किती लिहावे आणि किती लिहू नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याने एखाद्या वसतिगृहातील बंद पडणाऱ्या वायफायचा छडा लावण्याचा प्रयत्न केला आहे, त्यास तो क्षुल्लक वाटणार नाही. बिनतारी संपर्काचे काम करणाऱ्या ड्रायव्हरांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट का होतो आणि त्याची उत्तरे आज कोणत्या दिशेने शोधली जात आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणे मुख्यत्वे लिनक्स या प्रणालीतून घेतली आहेत. कारण तिची संहिता सर्वांस खुली आहे आणि आपल्याकडील असंख्य राउटर, मोबाइल फोन व प्रयोगशाळांतील छोटे संगणक तिच्यावरच चालतात.

२. ड्रायव्हर म्हणजे काय, आणि तो कोठे लिहितो?

संगणकास जोडलेले प्रत्येक उपकरण आपल्या परीने बोलते. त्याची बोली समजून घेऊन ती प्रणालीच्या गाभ्यास, म्हणजे 'कर्नेल'ला, सांगणारा कार्यक्रम तो ड्रायव्हर. वायफायच्या ड्रायव्हरच्या एका बाजूस रेडिओची चकती व तिच्यातील फर्मवेअर असते, आणि दुसऱ्या बाजूस गाभ्यातील जाळ्याची यंत्रणा. मध्ये उभा असलेला हा दुभाषी काही विपरीत घडले की गाभ्याच्या नोंदवहीत एक ओळ लिहितो. लिनक्समध्ये ही ओळ लिहिण्याचे मूळ साधन 'प्रिंटके' या नावाने ओळखले जाते.

प्रत्येक ओळीस एक पायरी दिलेली असते. शून्य ते सात अशा या आठ पायऱ्या होत. शून्य म्हणजे प्रणाली निरुपयोगी झाल्याची हाक, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे केवळ माहिती, आणि सात म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा तपशील. ही श्रेणी मुळात लिनक्सची नव्हे. १९८० च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी टपालाच्या 'सेंडमेल' या कार्यक्रमासाठी 'सिसलॉग' ही पद्धत रचली, आणि तीच पुढे सर्वत्र रूढ झाली.

नोंदवही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाने वाढत जाणारे बाड येते. गाभ्याची नोंदवही तशी नाही. ती गोल आहे. स्मृतीचा एक ठराविक तुकडा तिला दिलेला असतो. तो भरला की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीच्या जागी लिहिली जाते. या तुकड्याचा आकार प्रणाली बांधतानाच ठरतो. १२८ किलोबाइट हा त्याचा एक नेहमीचा आकार आहे. या गोल रचनेतच पुढील सर्व अडचणींचे मूळ आहे. येथे जास्त लिहिणे म्हणजे नुसती जागा वाया घालविणे नव्हे, तर आधी लिहिलेले पुसून टाकणे होय.

३. गोंगाटाचे गणित

हा धोका किती मोठा आहे, हे एका साध्या हिशोबाने पाहता येईल. प्रत्येक वायफाय केंद्र, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, आपण येथे आहोत अशी दवंडी सतत पिटत असते. या दवंडीस 'बीकन' म्हणतात. दोन बीकनांमधील अंतर बहुधा १०० कालघटकांचे असते आणि एक कालघटक १,०२४ मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे दर १०२.४ मिलिसेकंदांस एक बीकन, अथवा सेकंदास सुमारे ९.८ बीकने. धरमपेठेतील अथवा सीताबर्डीवरील एखाद्या दाट वस्तीच्या इमारतीत अशी २० केंद्रे एकाच वेळी ऐकू येत आहेत असे समजू. ड्रायव्हरने प्रत्येक बीकनाची ८० अक्षरांची एक ओळ लिहावयाची ठरविली, तर सेकंदास सुमारे १९५ ओळी होतील.

१२८ किलोबाइटच्या नोंदवहीत, आनुषंगिक जागेचा हिशोब सोडून दिला तरी, अशा जेमतेम १,६३८ ओळी मावतात. म्हणजे सुमारे साडेआठ सेकंदांत संपूर्ण नोंदवही एकदा पुसली जाऊन पुन्हा लिहिली जाईल. याच ओळी कायमच्या साठवणीत उतरविल्या तर एका दिवसात १ कोटी ६८ लाख ७५ हजार ओळी, म्हणजे १३५ कोटी बाइट्स, जमा होतील. आणि याच ओळी जर सेकंदास १,१५,२०० बिटांच्या जुन्या क्रमिक तारेवरून पडद्याकडे धाडावयाच्या असतील, तर त्या तारेवरून सेकंदास ११,५२० अक्षरेच जाऊ शकतात. आपणास मात्र १५,६२५ पाठवावयाची आहेत. तार कधीच पुरी पडणार नाही.

हा शेवटचा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. लिनक्समध्ये बराच काळ अशी व्यवस्था होती की, ओळ लिहिणाऱ्या कामासच पुष्कळदा ती पडद्यापर्यंत पोचविण्याचा भारही उचलावा लागे, आणि तोपर्यंत ते काम अडकून पडे. ८० अक्षरांची एक ओळ त्या तारेवरून जाण्यास सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. रेडिओच्या कामात तेवढ्या अवधीत अनेक फ्रेमा येऊन जातात. लिहिण्याच्या नादात काम चुकले, काम चुकले म्हणून आणखी लिहावे लागले, असे दुष्टचक्र त्यातून सुरू होऊ शकते. वेळेचे काटेकोर बंधन पाळणारी लिनक्सची व्यवस्था २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात सामील झाली. त्यापूर्वी दूर करावयाच्या शेवटच्या अडथळ्यांपैकी एक याच प्रिंटकेच्या पुनर्रचनेचा होता, ही गोष्ट बोलकी आहे.

४. बिनतारी माध्यमाचे वैशिष्ट्य

कोणी म्हणेल, प्रत्येक बीकन लिहून ठेवण्याइतका अविचारी ड्रायव्हर कोण लिहील? ते खरे आहे. पण खरा प्रश्न चुकांच्या नोंदींचा आहे, आणि येथे बिनतारी माध्यमाचा स्वभाव आडवा येतो.

तारेने जोडलेल्या उपकरणात चूक ही अपवादात्मक गोष्ट असते. चकतीवरील एक विभाग वाचता आला नाही, तर ती नोंद महत्त्वाची आहे, हे सांगण्यास पंडित लागत नाही. हवेतून जाणाऱ्या लहरींची गोष्ट वेगळी आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली परवान्याच्या बंधनातून मुक्त झाला. परवाना नको याचा अर्थ संरक्षणही नाही. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथची साधने, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी एकाच पट्ट्यात वावरतात. म्हणून फ्रेम हरविणे, पोच न येणे, पुन्हा पाठविणे या गोष्टी वायफायमध्ये नित्याच्या आहेत, किंबहुना ८०२.११ हे मानकच त्या गृहीत धरून रचलेले आहे. जी घटना दिवसातून हजारो वेळा घडते आणि आपोआप निस्तरली जाते, तिला दोष म्हणावे कसे? आणि तीच घटना लागोपाठ शंभर वेळा घडून संपर्क तुटला, तर तिला दोष न म्हणावे कसे? घटना आणि दोष यांच्यामधील सीमारेषा येथे ठळक नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यास ती स्वतः आखावी लागते.

दुसरी अडचण अशी की, ड्रायव्हरला लक्षण दिसते, कारण दिसत नाही. केंद्र गप्प झाले एवढेच त्यास कळते. केंद्राची वीज गेली, मध्ये भिंत आली, आपल्याच चकतीतील फर्मवेअर गोठले, की आपल्याच संगणकास पुरेसा विद्युद्दाब मिळेनासा झाला, हे त्यास ठाऊक नसते. 'निदान' हा शब्द आपण वैद्यकातून घेतला आहे. आयुर्वेदात रोगाच्या ज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकी पूर्वरूप, म्हणजे रोग उघड होण्यापूर्वीची चिन्हे, ही आपल्या विषयात फार मोलाची आहेत. पण गोल नोंदवहीत सर्वांत आधी पुसली जातात ती पूर्वरूपेच. रूप एकदा प्रकट झाले की ते इतका गलका करते की त्याच्या आधीची एकच एक कोरडी ओळ वाहून जाते.

तिसरी अडचण सुरक्षिततेची आहे. हवेतून येणारी फ्रेम कोणीही पाठवू शकतो. समजा, दर सदोष फ्रेमेमागे एक इशारा लिहावा असे ड्रायव्हरने ठरविले. मग इमारतीत पाऊल न ठेवता, रस्त्यावर उभा राहून सदोष फ्रेमांचा वर्षाव करणारा कोणीही परका मनुष्य आपल्या संगणकाची नोंदवही भरून टाकू शकतो आणि आपल्या इतर खुणाही त्याच पुरात बुडवू शकतो. म्हणून बाहेरून चिथावता येईल असा कोणताही संदेश मर्यादेविना लिहू देणे, ही केवळ अव्यवस्था नसून एक उघडे दार आहे.

५. संदेशाचे मूल्य

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहितीच्या सिद्धान्तात संदेशाचे मूल्य त्याच्या अनपेक्षितपणावरून ठरते. जे घडणार हे निश्चितच आहे, त्याची वार्ता कळल्याने ज्ञानात भर पडत नाही. तिचे मूल्य शून्य. १,०२४ प्रसंगांत एकदाच घडणाऱ्या गोष्टीची वार्ता १० बिटांची. या मोजमापाने पाहता बीकन आल्याची नोंद जवळजवळ निर्मूल्य आहे, आणि बीकन न आल्याची नोंद मौल्यवान आहे. लिनक्समधील 'मॅक-८०२११' या सामाईक थरात हाच विचार दिसतो. साधारणतः लागोपाठ सात बीकने चुकली की तो केंद्राची विचारपूस करतो. आणि विचारपुशीलाही उत्तर आले नाही, की मगच संपर्क तुटल्याची एक ओळ लिहितो. विचारपूस सुरू केल्याची ओळ सातव्या पायरीची आहे व तीही मर्यादित प्रमाणात उमटते.

मूल्याचा दुसरा विचार वाचणाऱ्याच्या बाजूने करावा लागतो. समजा, एका यंत्रात दर हजार तासांमागे एका तासात खरा बिघाड असतो. बिघाड असता दहापैकी नऊ वेळा एक विशिष्ट इशारा उमटतो. आणि यंत्र धडधाकट असतानाही वीस तासांमागे एका तासात तोच इशारा उमटतो. आता तो इशारा दिसला असता बिघाड असण्याची शक्यता किती? संभाव्यतेच्या नियमाने ती शेकडा दोनहूनही कमी येते. म्हणजे पन्नास वेळा धावत गेल्यावर एकोणपन्नास वेळा हात हलवीत परत यावे लागेल. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकऱ्यांचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. याच यंत्रातील खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण हजार तासांमागे एक इतके खाली आणले, तर तीच शक्यता शेकडा ४७ वर जाते. खऱ्या बिघाडाच्या ओळखीत आपण काडीचीही सुधारणा केली नाही. केवळ गोंगाट कमी केला आणि इशारा विश्वासार्ह झाला.

६. मौनाचे धोके

एवढे वाचल्यावर सर्व संदेश काढून टाकावेत असे एखाद्यास वाटेल. लिनक्सच्या वर्तुळात, नीट चालणाऱ्या ड्रायव्हरने गप्प राहावे, असा दंडक मानला जातो व तो योग्यच आहे. पण त्याचा व्यत्यास खरा नाही : गप्प असलेला प्रत्येक ड्रायव्हर नीट चालत असतो असे नव्हे.

बिनतारी दोष बहुधा स्थलकालाने बांधलेले असतात. नागपूरच्या एका खोलीत मे महिन्याच्या दुपारी जे घडते, ते दूर देशी बसलेल्या ड्रायव्हरच्या कर्त्यास आपल्या टेबलावर पुन्हा घडवून आणता येत नाही. त्याच्या हाती पडते ती केवळ वापरणाऱ्याने पाठविलेली नोंदवही. तीच एकमेव साक्षीदार. साक्षीदार मुका असेल तर खटला तेथेच संपतो.

याचे एक चांगले उदाहरण आपल्या महाविद्यालयांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे देता येईल. अशा संगणकास स्वस्त चार्जर अथवा लांब, बारीक तार जोडली की विद्युद्दाब अपुरा पडतो. मग वायफाय तुटणे, जोडलेली साधने नाहीशी होणे असे नाना विकार दिसू लागतात. विद्यार्थी वायफायच्या ड्रायव्हरला दोष देतो, केंद्र बदलतो, प्रणाली पुन्हा बसवितो. वस्तुतः गाभ्याच्या नोंदवहीत अपुरा दाब आढळल्याची एक लहानशी ओळ उमटलेली असते. ती दिसली तर दहा मिनिटांत प्रश्न सुटतो. आता अशी कल्पना करावी की, दाब पडल्यामुळे रेडिओ अडखळू लागला आणि ड्रायव्हरने प्रत्येक अडखळण्याची एक ओळ लिहिली. ती मोलाची ओळ काही सेकंदांत पुसली जाईल. उलटपक्षी, 'गोंगाट नको' म्हणून कोणी दाबाची ती ओळही सातव्या पायरीवर ढकलली, तर ती बहुतेकांस कधीच दिसणार नाही. अतिरेक कोणत्याही बाजूस झाला तरी हानी त्याच विद्यार्थ्याची होते.

७. मध्यम मार्गाची साधने

या दोन टोकांच्या मध्ये राहण्यासाठी गाभ्यात जी साधने घडत गेली, त्यांचा आता क्रमाने परामर्श घेऊ.

पहिले साधन कालबद्ध मर्यादेचे. एका ठिकाणाहून पाच सेकंदांत अधिकात अधिक दहा ओळी उमटाव्यात, हे तिचे नेहमीचे प्रमाण आहे. उरलेल्या ओळी गाळल्या जातात, पण किती गाळल्या त्याची संख्या नोंदविली जाते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पूर आला होता हे कळते, मात्र पुराचे पाणी घरात शिरत नाही. या साधनाची एक उणीव ध्यानात ठेवली पाहिजे. ही मर्यादा बहुधा संहितेतील त्या ओळीस लागू असते, उपकरणास नव्हे. एकाच जातीच्या दोन चकत्या असतील आणि त्यांतील एक सतत ओरडत असेल, तर दुसरीने क्वचित् मारलेली हाकही गाळली जाऊ शकते.

दुसरे साधन 'एकदाच' लिहिण्याचे. फर्मवेअरची आवृत्ती जुनी आहे अशासारखी गोष्ट एकदा सांगितली की पुरे. बदलणाऱ्या स्थितीसाठी मात्र हे साधन वापरू नये. पहिला बिघाड सोमवारी आणि दुसरा शुक्रवारी झाला, तर शुक्रवारचा कळणारच नाही.

तिसरे साधन मोजण्याचे. वारंवार घडणाऱ्या घटनेची ओळ लिहिण्याऐवजी तिचा आकडा एकाने वाढवावा. किती फ्रेमा पुन्हा पाठवाव्या लागल्या, किती सदोष आल्या, हे आकडे 'डीबगएफएस' या खास कप्प्यात अथवा जाळ्याच्या आकडेवारीत ठेवता येतात. विचारले तरच ते सांगितले जातात; न विचारता बोलत नाहीत. बिनतारी ड्रायव्हरांतील बहुतेक गोंगाट या एका उपायाने शमण्याजोगा आहे.

चौथे साधन चालू-बंद करता येणाऱ्या तपशिलाचे. 'डायनॅमिक डीबग' या सोयीने सातव्या पायरीची प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे, चालत्या यंत्रात, संहितेच्या फाइलीवरून, कार्यभागावरून किंवा ओळीच्या क्रमांकावरूनही, चालू करता येते. बंद असताना तिचा भार नगण्य असतो. वैद्य रोज सर्व तपासण्या करीत नाही. शंका आली की हवी ती करवून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

पाचवे साधन मागोव्याचे. २००८ साली गाभ्यात आलेल्या 'एफट्रेस' व तिच्यावर आधारलेल्या मागोवा-बिंदूंनी प्रत्येक घटना अक्षरांत न लिहिता द्विमान रूपात, वेगळ्या जागी, अत्यल्प वेळात टिपली जाते. फ्रेमेगणिक तपशील हवा असेल, तर त्याची जागा तेथे आहे; सर्वांच्या नोंदवहीत नाही.

सहावे साधन विशेष उद्बोधक आहे. फर्मवेअर कोसळले की पूर्वी ड्रायव्हर चकतीतील नोंदकांचे पानेच्या पाने आकडे नोंदवहीत ओतीत असत. कर्त्यास ते हवे असतात, इतरांस ते अगम्य. २०१४ साली योहानेस बेर्ग यांनी लिहिलेली 'डेव्हकोअरडंप' ही सोय गाभ्यात आली. तिच्यामुळे कोसळल्याचे वृत्त नोंदवहीत थोडक्यात देऊन सगळे गाठोडे वेगळे ठेवता येते. ते कोणी उचलले नाही तर पाच मिनिटांनी आपोआप टाकून दिले जाते. वार्ता आणि पुरावा यांची अशी फारकत करणे, हे या सर्व प्रयत्नांचे सार म्हणता येईल.

८. ओळ कशी लिहावी?

कोणती ओळ लिहावी हे ठरल्यावर ती कशी लिहावी हा प्रश्न उरतो. 'अयशस्वी' एवढेच सांगणारी ओळ एकदाच आली तरी गोंगाटच होय. कोणते उपकरण, कोणती क्रिया, कोणता आकडा, आणि पुढे काय केले, या चार गोष्टी ओळीत असल्या पाहिजेत.

संबंध तोडताना केंद्राने कारणाचा अंक द्यावा, असे ८०२.११ मानकाने ठरविले आहे. लिनक्स तो अंक व त्याचे नाव नोंदवहीत लिहिते. तीन म्हणजे सोडून जाणे, चार म्हणजे निष्क्रियता, पंधरा म्हणजे चार टप्प्यांच्या हस्तांदोलनात वेळ संपणे. हा पंधरा वारंवार दिसला, तर सांकेतिक शब्द चुकला असावा ही पहिली शंका घ्यावी. संबंध आपण तोडला की पलीकडच्याने, हेही त्या ओळीत स्पष्ट असते. अवघ्या एका ओळीत व एका अंकात एवढे निदान मावते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पायरी ठरविताना एकच कसोटी पुरेशी आहे : ही ओळ वाचून कोणी काही करावे अशी अपेक्षा आहे काय? वापरणाऱ्याने अथवा व्यवस्थापकाने करण्यासारखे काही असेल तर चूक किंवा इशारा. केवळ ड्रायव्हरच्या कर्त्यास कळण्यासारखे असेल तर सातवी पायरी. कोणीच काही करण्यासारखे नसेल तर आकडा वाढवून गप्प राहावे. गाभ्यातील 'वॉर्न' हे साधन तर फारच जपून वापरावे. कारण काही यंत्रे पहिल्याच अशा इशाऱ्यास बंद पडावीत अशी मांडलेली असतात. हवेतून आलेल्या एका वेड्यावाकड्या फ्रेमेने अख्खे यंत्र थांबावे, हे कोणासही मान्य होणार नाही.

आणखी एक पथ्य. या ओळींतून केंद्रांचे व साधनांचे मॅक पत्ते असतात. त्यांवरून मनुष्याचा वावर ओळखता येतो. नोंदवही मदतीसाठी परक्याच्या हाती देताना हे पत्ते झाकावेत, आणि यंत्रावर ती पाहण्याचा अधिकार मर्यादित ठेवावा. जितके कमी लिहिले, तितके कमी झाकावे लागते, हाही मितभाषणाचा एक लाभ आहे.

९. समारोप

नोंदी ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रास परकी नाही. पेशवे दप्तराचे प्रचंड संग्रह आपल्या पूर्वजांच्या लेखनतत्परतेची साक्ष देतात. पण त्या कागदांच्या राशीतून निवड करून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड संपादित केले, तेव्हा कोठे ते सर्वसामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात आले. कागद टिकला होता म्हणून निवड शक्य झाली, आणि निवड झाली म्हणून कागद उपयोगी पडला. यंत्राच्या गोल नोंदवहीत मात्र आधी सर्व लिहून मागाहून निवडण्याची सवलत नाही. तेथे फडणिसाचे काम व संपादकाचे काम एकाच वेळी, लिहिण्याच्या क्षणीच करावे लागते. आणि ते करणारा मनुष्य ड्रायव्हर लिहिणारा असतो, ज्याला ती ओळ पुढे कोण, कोठे, कोणत्या अडचणीत वाचणार हे ठाऊक नसते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या अशा संहिता लिहितील. त्यांनी ओळ लिहिण्यापूर्वी, उन्हाळ्याच्या दुपारी बंद पडलेल्या जाळ्यासमोर बसलेला, परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत डोळ्यांपुढे असलेला एखादा विद्यार्थी नजरेसमोर आणावा, आणि ती ओळ त्याच्या उपयोगी पडेल की त्याच्या उपयोगाची दुसरी ओळ पुसून टाकील, एवढाच प्रश्न स्वतःस विचारावा.